ड्रायव्हरला विचार की

आमच्या बेळगावला विमानतळ काही आजचा नाही. सांबऱ्याची धावपट्टी 1942 सालची, इंग्रजांच्या हवाई दलानं केलेली. पण ती हवाई दलाच्या शिकाऊ पोरांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मंत्र्यांसाठी, अशीच आम्हा बायकांची समजूत होती. विमानाचा आवाज आला की वाळत घातलेले पापड सोडून मान वर करायची, एवढाच आपला संबंध. मग 2017 साली नवी इमारत झाली, 2019 मध्ये उडान योजनेत बेळगावचं नाव आलं, आणि बघता बघता प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी उडून आलं. आता पूजा आटोपून मंदिराच्या पायरीवर बसलं की गुडघेदुखीच्या आधी विमानाचा विषय निघतो. "खिडकीची जागा मिळाली काय?" "कान दडे बसले काय?" "खायला काय दिलं?" या तिसऱ्या प्रश्नावर आपल्या बायकांचं खरं लक्ष असतं.

मला स्वतःला विमानापेक्षा विमानातली माणसं बघायला आवडतात. एसटीत माणूस आहे तसा बसतो. चप्पल काढतो, घोरतो, शेजारच्याला शेंगा देतो. विमानाला जायचं म्हटलं की तोच माणूस आधी चेहरा घालतो, मग बूट. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, ज्यांचा आवाज तीन घरं ओलांडून येतो, ते विमानतळावर बायकोशी कुजबुजत बोलताना मी पाहिले आहेत. बायको बिचारी घाबरून विचारत होती, "बरं वाटत न्हाई काय तुम्हाला?"

आणि ती रांग! जागेचा नंबर पासावर छापलेला असतो. आधी गेलं म्हणून कुणाला दोन खुर्च्या मिळत नाहीत आणि शेवटी गेलं म्हणून कुणाला दांड्याला लोंबकळावं लागत नाही. तरी दार उघडायच्या अर्धा तास आधी निम्मी मंडळी उभी. एकानं उठायचा अवकाश, बाकीच्यांच्या पोटात कालवतं. उतरतानाही तेच. चाकं जमिनीला लागली की पट्ट्यांचा खटाखट आवाज, आणि मग दार उघडेपर्यंत सगळे मान वाकडी करून, दुसऱ्याच्या बॅगेखाली डोकं घालून उभे. घाई कसली, तर पट्ट्यावर सामान यायची वाट बघायला लवकर जाऊन उभं राहायची.

आमच्या गावाच्या नावाची गंमत तर वेगळीच. घरात आम्ही बेळगाव म्हणतो. 2014 पासून कागदोपत्री बेळगावी झालं. हैदराबादच्या विमानतळावर घोषणा करणारी मुलगी हिंदीत 'बेलगावी' म्हणाली, इंग्रजीत 'बेलागवी' म्हणाली, आणि घाई झाल्यावर नुसतंच 'बेलगाम' म्हणून मोकळी झाली. तिन्ही वेळा आम्ही दचकून उठलो.

हैदराबादला गेलो होतो ते आत्तींसाठी. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, साखर आहे, गुडघे आहेत, आणि नेम आहेत. त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, लग्न होऊन काचीगुड्याला गेली ती तिकडचीच झाली. डिसेंबरात न्हाणीघरात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण अंथरूण सुटेना. फोनवर दोघी बहिणी रोज बोलायच्या, म्हणजे एक बोलायची आणि दुसरी "काय?" म्हणायची. एक दिवस आत्तींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "मला नेऊन आणा." रेल्वेची रात्र त्यांच्या कमरेला झेपणार नव्हती. ह्यांनी विमानाची तिकिटं काढली, आणि 'आई'च्या नावापुढे चाकाची खुर्चीही मागवली.

चाकाच्या खुर्चीवरून घरात दोन दिवस धुसफूस झाली. "मी काय आजारी हाय?" पण सांबऱ्याला खुर्ची घेऊन येणारा पोरगा वाकून "बसा आज्जी" म्हणाला, तेव्हा त्या बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खुर्चीला रांग नसते. सगळे चेहरेवाले बाजूला होतात. पाचव्या मिनिटाला आत्ती अशा बसल्या होत्या की जणू हत्तीवरून चालल्या आहेत. (हैदराबादला उतरल्यावर पाहिलं, ओळीनं आठ-दहा आज्या चाकाच्या खुर्च्यांत. बाहेर नातवंडं दिसली की त्यातल्या निम्म्या टुणकन उठून चालायला लागल्या. गुडघ्यांना विमान मानवतं, एवढंच म्हणायचं.)

सामानाच्या तपासणीत आमची पिशवी अडकली. यंत्राच्या पडद्यावर एक घट्ट, काळा ठोकळा दिसत होता. तो बहिणीसाठी घेतलेला दीड किलो कुंदा. पिशवी उघडून वास घेतल्यावर तिथल्या माणसाचा चेहरा बदलला. त्यानं काही मागितलं नाही, पण पिशवीची चेन जरा सावकाश लावली, असं मला वाटलं. मग पाणी. तिथल्या मुलीनं आत्तींची बाटली हातात घेतली आणि हिंदीत सांगितलं, "अम्मा, एक घोट पीके दिखाइए." आता आत्तींनी उभ्या जन्मात बाटलीला तोंड लावलेलं नाही. त्यांनी वरून धार धरली, निम्मी तोंडात, निम्मी पदरावर. मग बाटली त्या मुलीपुढे करून म्हणाल्या, "गाळून उकळलेलं हाय. घे की, तुला बी." मराठी तिला किती कळलं कोण जाणे, पण ती पहिल्यांदाच हसली.

हे आत्तींचं सगळीकडे चालतं. आपण त्या गणवेशवाल्या मंडळींना दाराची मूठ समजून वागतो. धरायची, ढकलायची, पुढं जायचं. तीही मंडळी आपल्याला पोत्यासारखी मोजून पुढं सरकवतात. आत्तींना ही रीत माहीतच नाही. खुर्ची ढकलणाऱ्याला त्या आधी विचारतात, "जेवलास काय?" विमानात ती मुलगी उभी राहून पट्टा कसा बांधायचा, वारा कोंडला तर मुखवटा कसा ओढायचा हे दाखवायला लागली, तेव्हा सगळं विमान मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेलं. आत्ती एकट्या तिच्याकडे एकटक बघत होत्या, प्रवचनात बघतात तशा. पाण्यावर उतरावं लागलं तर काय करायचं, ते आलं तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "वाटेत समुद्र कुठला गं?" मी म्हटलं, "फार तर घटप्रभा लागंल." आणि सगळं संपल्यावर त्या मुलीकडे बघून मान डोलावली, "समजलं हं, बाळ." ती मुलगी एक क्षण गोंधळली. तिला हे आजवर कुणी सांगितलंच नसावं.

मावशीच्या घरच्या चार दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. दोघी बहिणी एका खाटेवर, एक आडवी आणि एक बसलेली. बोलणं कमीच. आत्ती तिच्या डोक्याला तेल लावायच्या, आणि ती डोळे मिटून म्हणायची, "जोरात की, हात काय चालत न्हाईत?" निघायच्या दिवशी मावशीनं पडल्या पडल्या सुनेला हुकूम सोडून डबा करवून घेतला. दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी, कोरडी मुगाची डाळ. दोन ताळी स्टीलचा डबा, वर तिचं नाव कोरलेलं. "विमानात खा. तिथलं काय खाऊ नको," एवढं सांगून तिनं तोंड भिंतीकडे केलं. आत्तीही मागं न बघता बाहेर पडल्या.

आता नेमाचं सांगते. आपल्यातल्या कित्येक घरांसारखं आमच्या घरीही सूर्यास्ताच्या आत जेवण. त्यागी मंडळी दोन घटका आधीच, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, हात धुतात. आत्तींचा नेम तेवढा कडक नाही, पण सूर्य आहे तोवर जेवायचं आणि तो गेला की सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सोळाव्या वर्षी घेतलेला नेम. तापात मोडला नाही, बाळंतपणात मोडला नाही. डॉक्टरांनी साखरेची गोळी जेवणाबरोबर सांगितली आहे, म्हणजे जेवण नाही तर गोळी नाही. निघताना ह्यांनी फोनवर मला तीनदा बजावलं होतं, "वेळेत खायला घाल तिला."

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. मावशीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्त सहा वाजून बारा मिनिटांनी. विमान होतं तीन पन्नासचं. म्हणजे साडेपाचच्या आत घरी पोचून, पाय धुऊन, पाटावर बसून जेवण. हिशेब चोख होता. विमानाला तो कुणी कळवला नव्हता.

आधी अर्धा तास उशीर. मग आणखी अर्धा. काउंटरवरचा मुलगा प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच स्वरात, त्याच हसऱ्या तोंडानं सांगत होता. एक गृहस्थ त्याच्यावर ओरडून परत आले आणि लगेच दुसरे उठले. पाळीपाळीनं ओरडून येणं हाही तिथं वेळ घालवायचा एक प्रकार असावा. साडेचारला मी म्हटलं, "आत्ती, इथंच खाऊन घ्या." "भूक न्हाई. आणि तिनं विमानात खा म्हणून सांगितलंय." सव्वापाचला मी डब्याची पिशवी उघडली, तोच खुर्चीवाला पोरगा पळत आला. खुर्चीवाल्यांना आधी चढवतात. चला, चला, चला.

दोन पंख्यांचं छोटं विमान, दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा. आमची जागा पुढच्या भिंतीला लागून. तिथं पायाशी काही ठेवायचं नाही, असा नियम. कर्मचाऱ्यानं पिशवी अदबीनं उचलली आणि वरच्या कप्प्यात घालून झाकण लावलं. डबा वर, आत्ती खाली, मध्ये मी. मग विमान तसंच उभं. मग दार बंद. मग टेबलं मिटा, पट्टे बांधा. पावणेसहा. पाच पन्नास. सहाला पाच कमी असताना एकदाचं उडालं.

वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा विझतो, तसा तो विझेना. हवा खराब होती, विमान खड्ड्यातल्या एसटीसारखं आपटत होतं. मी उठायला गेले तर ती मुलगी लांबूनच हातानं बसा म्हणाली. सहा दहा. मी घड्याळाकडे बघत होते, आत्ती खिडकीकडे. खिडकीत लाल आभाळ होतं, पण सूर्य नव्हता. आम्ही चाललो होतो पश्चिमेला, अगदी त्याच्याच दिशेनं, त्यामुळे तो नाकासमोर, पुढच्या काचेत. म्हणजे विमानात तो फक्त दोघांनाच दिसत होता.

ती मुलगी आमच्यासमोरच्या तिच्या घडीच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसली होती. आत्तींनी तिला विचारलं, "बाळ, सूर्य मावळला काय?"

मी हिंदीत सांगितलं. तिला वाटलं म्हातारीला देखावा बघायचाय. "दादी, विंडोसे देखिए ना, कितना सुंदर है."

"ते न्हाई. मावळला काय ते सांग. तुझ्या ड्रायव्हरला विचार की. त्याला दिसतोय न्हवं समोर?"

पलीकडच्या रांगेतला एक मुलगा मोठ्यानं हसला. टिळकवाडीचा निघाला, हैदराबादला संगणकाच्या नोकरीत. त्याला सगळं कळलं होतं आणि त्यानं लगेच मांडीवर गणित मांडलं. म्हणाला, "आज्जी, खाली जमिनीवर आता मावळतोय. पण आपण अठरा हजार फुटांवर, त्यामुळे आपल्याला क्षितिज खाली जातं आणि सूर्य जास्त वेळ दिसतो. शिवाय आपण पश्चिमेला चाललोय, त्याच्या मागं मागं. बेळगावला तो हैदराबादपेक्षा पंधरा-एक मिनिटं उशिरा मावळतो. म्हणजे बघा, दिसतोय पण खरं तर खालच्या लोकांचा मावळलाय. मग तुमचा नेम खालचा धरायचा की वरचा?"

मी मनात म्हटलं, हा प्रश्न आता कशाला काढलास रे बाबा! आत्तींचा चेहरा मी ओळखते. त्यांना शंका आली की त्या जेवत नाहीत, मग कुणी शास्त्र सांगो. पण त्यांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "मी कुठं हाय?"

"वर."

"मग खालच्यांचं खालचे बघतील."

तोवर मी त्या मुलीला सगळं समजावून सांगितलं होतं. सूर्यास्त, नेम, साखर, गोळी, वरच्या कप्प्यातला डबा. जैन म्हटल्यावर तिनं मान हलवली. तो शब्द तिच्या कामातला होता. जगभरच्या विमान कंपन्यांच्या कागदावर आपलं जेवण 'व्हीजेएमएल' या चार अक्षरांत बसवलेलं आहे. मी एकदा दुसऱ्या एका विमानात ते मागवलं होतं, तर कांदा-लसूण नाही हे अभिमानानं सांगून समोर बटाट्याची भाजी ठेवली होती. पण या मुलीनं अक्षरं बाजूला ठेवली. ती एक क्षण गप्प बसली. नियम तिच्या बाजूला होते, "सॉरी मॅम" म्हटलं असतं तरी मी काही बोलू शकले नसते. तिनं भिंतीवरचा फोन उचलला आणि त्यात काहीतरी बोलली. ऐकलं. पुन्हा बोलली. मला एवढंच ऐकू आलं, "नहीं सर, सनसेट. हाँ सर, एक दादी पूछ रही हैं."

आसपासच्या चार रांगा आता गप्प झाल्या होत्या. मोबाइल खाली गेले होते.

तिनं फोन ठेवला. "दादी, कॅप्टन बोल रहे हैं, सूरज अभी है. पूरा है. दस मिनट तो पक्का."

आणि थोड्याच वेळात विमान जरा स्थिर झालं, टिंग वाजून दिवा विझला. तो हवेमुळे विझला की आणखी कशामुळे, ते मी विचारलं नाही. मी पट्टा सोडायच्या आत ती मुलगी उठली होती. तिनंच कप्पा उघडला, डबा काढून आत्तींच्या मांडीवर ठेवला, हात पुसायला कागद दिला. सहा वाजून वीस मिनिटं.

आत्तींनी डोळे मिटून णमोकार म्हटला. मला वाटलं, आता नका हो वेळ घालवू! पण त्यांनी तो एकदाही घाईनं म्हटलेला मी ऐकलेला नाही. मग दशमीचा तुकडा मोडला, चटणीला लावला. पलीकडचा गणितवाला घड्याळ धरून बसला होता, जणू परीक्षेचा पर्यवेक्षक. मागच्या रांगेतल्या बाई दुसरीला सांगत होत्या, "आमच्या सासूबाईंचं पण असंच होतं." त्या कोणत्या जातीच्या, कुठल्या, काही माहीत नाही. पण असंच होतं म्हणाल्या.

अर्धी दशमी खाऊन आत्ती थांबल्या. मला वाटलं, पोट भरलं. बघते तर डोळ्यांतून पाणी. "तिखट झालंय चटणी," म्हणाल्या. चटणी मीही खाल्ली होती, तिखट अजिबात नव्हती. मी काही बोलले नाही, पाण्याची बाटली दिली. त्यांनी वरून धार धरली, गोळी घेतली, आणि उरलेली दीड दशमीसुद्धा संपवली. पाण्याचा शेवटचा घोट घेतला तेव्हा फोन पुन्हा वाजला. त्या मुलीनं तो ऐकून आमच्याकडे बघितलं आणि बोटानं खूण केली, गेला.

पलीकडचा मुलगा म्हणाला, "सहा एकतीस." आणि आपणहून, कुणी न मागता, लॅपटॉप मिटून ठेवला.

सांबऱ्याला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. पट्ट्यांचा खटाखट आवाज झाला, सगळे मान वाकडी करून उभे राहिले, सगळं रीतसर झालं. खुर्चीवाले शेवटी उतरतात. आम्ही दोघीच राहिलो, तेव्हा पुढचं छोटं दार उघडून वैमानिक बाहेर आला. पोरसवदा. टोपीबिपी काही नाही, केस विस्कटलेले. आत्तींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा ड्रायव्हर? इतका लहान?" मग त्याला, "जेवलास काय?"

तो हिंदीत म्हणाला, अजून नाही, परत हैदराबादला न्यायचंय विमान. आत्तींनी डबा उघडून बघितला. रिकामा. त्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की घरी पोचेपर्यंत त्या तेच बोलत होत्या.

घरी आल्यावर फोन. आत्ती खाटेवर बसून ओरडून, पलीकडे मावशी पडून ओरडून.

"खाल्लीस काय दशमी?"

"खाल्ली! वर खाल्ली!"

"काय?"

"वर! सूर्य होता तिथं!"

"काय म्हणतीस कळत न्हाई. डबा परत पाठव. स्टीलचा हाय, माझ्या नावाचा."

"पाठवते की. कुणाबरोबर तरी पाठवते."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग मावशीचा आवाज, ओरडून नव्हे, पण मलाही ऐकू आला. "कुणाबरोबर नको. तूच घेऊन ये."

आत्ती म्हणाल्या, "तू आधी चालायला लाग." आणि फोन माझ्या हातात दिला, बंद कुठं करायचा ते त्यांना कळत नाही.

डबा घासून, पुसून फडताळात वरच्या फळीवर ठेवलाय. मध्यंतरी पाहुणे आले होते, डबे कमी पडत होते, मी त्याला हात लावला तर म्हणाल्या, "तो न्हाई. तो जायचाय."